किती वॉट नव्हे, किती डेसिबल?

कार्यक्रमासाठी साउंड ठरवताना पहिला प्रश्न हमखास येतो: किती वॉटचा आहे? आकडा जितका मोठा तितका आयोजक निश्चिंत. खरे तर स्पीकर किती वीज पेलतो, एवढेच वॉट सांगतात. तिचा आवाज किती होतो, हे सांगत नाहीत. ते कळते संवेदनशीलतेवरून, म्हणजे एक वॉट वीज दिल्यावर समोर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात यावरून. वीज दसपट केली की 10 डेसिबल वाढतात. आता एका स्पीकरची संवेदनशीलता 90 डेसिबल आणि क्षमता 1000 वॉट आहे, तर दुसऱ्याची संवेदनशीलता 100 डेसिबल आणि क्षमता अवघी 100 वॉट आहे, असे धरू. कागदावर दोघेही 120 डेसिबललाच पोचतात. साउंड वॉटवर निवडणारा पहिल्यासाठी दसपट वीज आणि मोठा अॅम्प्लिफायर घेऊन बसतो, हाती जास्त काहीच लागत नाही.

हे 120 डेसिबलही पुष्कळदा मोजलेले नसतात, नुसत्या बेरजेतून आलेले असतात. स्पीकर जोरात वाजू लागला की त्याची व्हॉइस कॉइल तापते. तापमान सुमारे 250 अंशांनी वाढले तर तांब्याचा विद्युतरोध जवळपास दुप्पट होतो, कॉइल कमी वीज ओढते आणि बेरजेतले काही डेसिबल प्रत्यक्षात उतरतच नाहीत. म्हणून 2022 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने ‘एईएस 75’ हे मानक आणले. त्यात संगीतासारखे चढउतार असलेला खास गोंगाट स्पीकरवर वाजवतात आणि आवाजाचा पोत बिघडू लागेपर्यंत पातळी चढवत नेतात. बिघाडाच्या अलीकडची पातळी हीच त्या स्पीकरची खरी कुवत.

कुवत कळली तरी ती श्रोत्यापर्यंत किती पोचणार, हा प्रश्न उरतोच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की एकट्या स्पीकरचा आवाज 6 डेसिबलने उतरतो. एक मीटरवरचे 120 डेसिबल 32 मीटरवर 90 होतात. शिवाय स्पीकर सगळ्या दिशांना सारखा वाजत नाही. म्हणून उत्पादक स्पीकरभोवती काही अंशांच्या अंतराने आवाज मोजून ठेवतात. ईझ, साउंडव्हिजन, मॅप यांसारखी सॉफ्टवेअर त्या नोंदी आणि जागेचा आराखडा घेऊन कोणत्या रांगेत किती डेसिबल पडतील, याचा अंदाज एकही खोका न उचलता देतात. 1990 च्या दशकात लाइन अॅरे रूढ झाल्यावर तर याला पर्याय उरला नाही. एकाखाली एक टांगलेल्या खोक्यांमधला कोन एक-दोन अंशांनी चुकला तरी मागच्या रांगांचा आवाज बदलतो.

यावर जाणकार साउंडवाले म्हणतात, शेवटी कान हेच खरे माप. सुराचा कस कानानेच लागतो, हे मान्य. पण कान एका वेळी एकाच जागी असतो आणि मोठ्या आवाजाला लवकर सरावतो. दुसरा आक्षेप असा, की वारा, ऊन, गर्दी यांपुढे संगणकाचा अंदाज टिकत नाही. त्यात तथ्य आहे. 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर जाणारा आवाज 35 अंशांना सुमारे 352 मीटर जातो. 100 मीटरवर सात मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि मागच्या मनोऱ्यावरच्या स्पीकरची वेळ जुळवताना तो जाणवतो. पण यातून अंदाज निरुपयोगी ठरत नाही. तो जागेवर माइक लावून पडताळावा लागतो, एवढेच ठरते. आधी गणित, मग मोजणी, शेवटी कान, हाच क्रम बरोबर.

आपल्याकडे या गणिताला कायद्याचीही बाजू आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या परिसरासाठी ठरलेल्या ध्वनिमर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. एक मीटरवर 120 डेसिबल देणारा स्पीकर समोरच्या दिशेला मोकळ्यावर 75 पर्यंत उतरायला सुमारे 180 मीटर लागतात. इतके मोठे पटांगण वस्तीत किती मंडळांकडे असते? म्हणून पुढच्या वेळी साउंड ठरवताना वॉट विचारूच नका. पहिल्या रांगेत किती, शेवटच्या रांगेत किती आणि शेजारच्या इमारतीच्या खिडकीशी किती डेसिबल, हे तीन आकडे मागा. जो ते मोजून दाखवेल, त्यालाच काम द्या.