६ फूट २ इंचांचं हसू

नवऱ्याला किराणा आणायला पाठवलं तर काय होतं? या विषयावर तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी एक तरी फॉरवर्ड पडत असेल. आपण ते न वाचताच एक हसरा इमोजी टाकतो आणि पुढे जातो. आता कल्पना करा, आजीच्या वयाची एक उंचच उंच अमेरिकन बाई स्टेजवर येते. नेमका हाच घिसापिटा विषय घेते. शिवी नाही, आरडाओरडा नाही, संथ लयीत आपली बोलत राहते. आणि अख्खं थिएटर हसून हसून डोळे पुसत असतं! 'काहीही हं' म्हणायच्या आधी यूट्यूबवर जीन रॉबर्टसन हे नाव टाकून बघा.

किस्सा एवढासाच आहे. जीनला सामान हवं असतं, म्हणून ती यादी करते. नवऱ्याचा गोंधळ उडू नये म्हणून प्रत्येक वस्तूपुढे १, २, ३ असे आकडे घालते. नवरा दुकानात जातो आणि त्या आकड्यांना नग समजतो! पहिली वस्तू एक, दुसरी दोन, तिसरी तीन… शेवटच्या वस्तूपर्यंत पिशव्या किती झाल्या असतील, तुम्हीच मोजा.

मूर्ख कोण?

गंमत इथेच आहे. टिपिकल 'नवरा-बायको' जोकमध्ये एकाला मूर्ख ठरवलं की काम संपतं. जीनचा नवरा मात्र मूर्ख नाही. त्याने सांगितलेलं काम जसंच्या तसं केलंय. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: इनपुट तसं आउटपुट. मेंदूची डावी बाजू हिशेबी असते हा लोकप्रिय समज धरून जीनने त्याचं नावच 'लेफ्ट ब्रेन' ठेवलं होतं. त्याचं डोकं सरळ रेषेत चालतं, हिचं वळणं घेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि तरी घरात घोळ! वर्षानुवर्षं एकाच छताखाली राहणाऱ्या कुठल्याही दोन माणसांची हीच तर गोष्ट असते. हॉस्टेलला रूममेट असेल, तर लग्नाआधीही पटेल.

मुलालाही स्टेजवर टोपणनावच होतं, 'बीव्हर'. आणि बहुतेक किस्स्यांत शेवटी फजिती व्हायची ती स्वतः जीनची.

साउथ म्हणजे कुठलं साउथ?

आपल्यासाठी साउथ म्हणजे इडली, डोसा आणि डब केलेले ॲक्शन सिनेमे. अमेरिकेचं साउथ म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी वगैरे राज्यं. यात जीनचं नॉर्थ कॅरोलिनाही येतं. नावात नॉर्थ, पण नकाशात आणि मनाने साउथ! गुलामगिरी टिकवण्यासाठी इथल्या ११ राज्यांनी देशातून फुटायचा प्रयत्न केला आणि १८६१ ते १८६५ असं यादवी युद्ध झालं. युद्ध संपून दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण उत्तर-दक्षिण ही जाणीव काही गेली नाही. बोलणं लांबवत, सूर ओढत बोलायची साउथची पद्धत आहे. हॉलिवूडने बरेचदा तोच उच्चार अडाणी, गावंढळ पात्रांच्या तोंडी घातला. 'हळू बोलतो म्हणजे डोकंही हळू चालतं' असा सोयीचा समज.

ओळखीचं वाटतंय? विदर्भातून आलेला मुलगा पुण्याच्या कट्ट्यावर 'काय करून राहिला बे' म्हणतो आणि पुढची तीन वर्षं त्याची नक्कल होत राहते. कोकणातल्या मुलीचा हेल, लातूरच्या मुलाचा 'लई', सगळ्यांचं तेच. काही जण सहा महिन्यांत भाषा 'सुधारतात'. काही जण वर्गात तोंड उघडणंच बंद करतात.

उत्तरेकडे निघालेली मुलगी

जीनचा जन्म १९४३चा. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रॅहम या छोट्या गावात ती वाढली. वयाच्या तेराव्या वर्षी तिची उंची होती ६ फूट २ इंच. शाळेत त्या वयाच्या इतक्या उंच मुलीला काय काय ऐकावं लागत असेल, याचा अंदाज तुम्हाला आहेच. ही मुलगी १९६३मध्ये मिस नॉर्थ कॅरोलिना झाली आणि विशीच्या उंबरठ्यावर 'मिस अमेरिका'साठी उत्तरेला, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला गेली. मुकुट मिळाला नाही. मिळाली ती 'मिस कंजेनिॲलिटी', म्हणजे सगळ्यांशी जुळवून घेणारी स्पर्धक.

दुसरं कुणी असतं तर ही आठवण कपाटात बंद केली असती. जीनने पुढची अनेक दशकं तिच्यावरच लोकांना हसवलं. काही वर्षं तिने शारीरिक शिक्षण शिकवलं, मग पूर्णवेळ व्यावसायिक वक्ता झाली. अमेरिकेतल्या नॅशनल स्पीकर्स असोसिएशनची ती अध्यक्षही होती. देशभर फिरली, पण आपला साउथचा सूर तिने पुसला नाही. उलट तोच हत्यार म्हणून वापरला. वाक्य ओढायचं, थांबायचं, प्रेक्षकांना वाट पाहायला लावायची आणि मग अलगद शेवट टाकायचा. ज्या संथपणाला बाकीचे हसत होते, त्यालाच तिने टायमिंग बनवलं.

आपल्यावरचा जोक दुसऱ्याने केला तर ती चेष्टा. तोच आपण, आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत केला की रिमोट आपल्या हातात येतो.

या हसण्यात कोण नव्हतं?

पण एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. जीन ज्या 'मिस अमेरिका'च्या स्टेजवर गेली, तिथे पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक पोहोचायला १९७० उजाडावं लागलं. ग्रॅहमपासून जवळच असलेल्या ग्रीन्सबरो शहरात १९६० साली चार कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थी 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या लंच काउंटरवर जाऊन शांतपणे बसले आणि त्यातून साउथभर आंदोलन पेटलं. ते तुमच्याच वयाचे होते. म्हणजे चर्च, केक आणि गोड चहाचं हे उबदार साउथ सगळ्यांसाठी सारखं उबदार नव्हतं. जीनचे किस्से घरातले आहेत, ते या वाटेला फारसे जात नाहीत. त्यांवर मनसोक्त हसा, पण हेच अख्खं साउथ असं समजू नका.

मग आपण काय घ्यायचं?

आज आपल्यातले निम्मे जण घरच्यांवर रील बनवतात. ओढणी डोक्यावर घेऊन आईची नक्कल, बाबांचा 'वायफाय बंद कर' हा डायलॉग, मावशीचं इंग्रजी. व्ह्यूज येतात, आई पण 'छान केलंस' म्हणते. पण मावशीच्या इंग्रजीवर हजार अनोळखी माणसं हसतात, तेव्हा तिने पुढच्या लग्नात इंग्रजी बोलायचं टाळलेलं कुणी पाहिलंय का? जीनची पद्धत इथे कामी येते. पहिली टपली स्वतःला. समोरच्याचं लॉजिक आधी समजून घ्यायचं, मग त्यातली गंमत दाखवायची. आणि पोस्ट करण्याआधी एकच प्रश्न: ज्याच्यावर बनवलंय तो माणूस पहिल्या रांगेत बसला असता, तर हसला असता का?

दुसरी गोष्ट म्हणजे टिपून ठेवणं. मजेशीर गोष्टी निसटू देऊ नका, अशा अर्थाच्या शीर्षकाचं तिचं पुस्तकच आहे. किस्से काही आकाशातून पडत नाहीत. ते किराण्याच्या यादीत, एसटीच्या रांगेत, मेसच्या डब्यात असतात. फोनमधलं नोट्स ॲप फक्त असाइनमेंटच्या डेडलाइनसाठी नाहीये!

आणि घाई नको. यूट्यूबमुळे जीन जगभर पोहोचली तेव्हा तिने साठी ओलांडली होती. 'बाविशीत काहीच जमलं नाही' म्हणून रडणाऱ्या आपल्या पिढीने हे फ्रेम करून लावावं. २०२१च्या जूनमध्ये लेफ्ट ब्रेन गेला आणि ऑगस्टमध्ये, ७७व्या वर्षी, जीनही गेली. किराण्याचा तो व्हिडिओ मात्र आजही रोज कुणीतरी पहिल्यांदा बघतंय, आणि बहुधा लगेच आपल्या आईला फॉरवर्ड करतंय.

साउथची मिनी डिक्शनरी

याऑल: तुम्ही सगळे. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्हीला 'यू'च. साउथने स्वतःपुरती ती अडचण सोडवली.

ब्लेस युअर हार्ट: ऐकायला आशीर्वाद. कधी खरी सहानुभूती, तर कधी 'काय बावळट आहे हा' याचं सभ्य रूप. पुणेकरांना वेगळं समजावायला नको.

स्वीट टी: भरपूर साखरेचा गार चहा. उत्तरेत नुसता 'टी' मागितला तर हाच मिळेल याची खात्री नाही.

ग्रिट्स: मक्याच्या भरड्याची घट्ट पेज, नाश्त्याला.

यँकी: आपल्यासाठी कुठलाही अमेरिकन. साउथवाल्यांसाठी मात्र फक्त उत्तरेचा माणूस!