पारपत्र हीच पहिली ठेव
इस्लापूरसारख्या गावाहून आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्याने पैशाआधी पारपत्र जपले पाहिजे. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार ते भारत सरकारची मालमत्ता आहे. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार दलालाला अगर मालकाला नाही. पारपत्र हातचे गेले, की घरी परतण्याची वाटही बंद होते. म्हणून त्याची एक छायाप्रत वेगळ्या पिशवीत व एक घरी असावी. हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवावी. परतीपुरता तातडीचा दाखला भारतीय वकिलात देऊ शकते. दलालाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली झाली आहे काय, हे कर्ज काढण्यापूर्वीच पाहावे. कागद वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवणे, हे गावातील शिक्षकांचे व कारकुनांचे कर्तव्यच होय.