मालमोटारीची रोजवही

आपला माल लातूर-नांदेडच्या बाजारांत नेणाऱ्या पुष्कळ मालमोटारींवर आतां जीपीएस यंत्र असतें. निघण्याची वेळ, वेग, थांबे हें सर्व तें टिपून ठेवितें. अमेरिकेंत बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांस चालकाच्या तासांची विद्युत्-नोंद डिसेंबर २०१७ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ तास काम व पांच तासांनंतर अर्धा तास विश्रांति असा दंडक घातला.

गाडीमालक बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, ही नोंद चालकास दटावण्यासाठीं न वापरतां दर आठवड्यास त्याच्यासह वाचावी. सलग किती तास चालविलें, वेग कोठें वाढला, हें दिसलें म्हणजे तो आपण होऊन सुधारूं शकतो. पहांटेची डुलकी हें यंत्र टिपीत नाहीं; परंतु तिच्या आधींचे तास टिपतें. ते वेळींच मोजावे. माल एक दिवस उशिरां पोंचला तरी चालेल; चालक सुखरूप घरीं पोंचला पाहिजे.