संशोधनाच्या पायऱ्या आणि चुकीच्या वाटा : विविध ज्ञानशाखांतील संशोधन प्रक्रियेचा विचार

प्रस्तावना :

संशोधन पद्धती हा विषय शिकविताना समस्येची निवड, पूर्वसाहित्याचा आढावा, परिकल्पनेची मांडणी, तथ्यसंकलन, विश्लेषण आणि निष्कर्ष असा पायऱ्यांचा क्रम सांगितला जातो. पीएच.डी.च्या आराखड्यातही बहुधा हाच क्रम असतो. हा क्रम चुकीचा आहे असे नव्हे; परंतु रसायनशास्त्रापासून मराठी साहित्यापर्यंत सर्व विषयांच्या प्रबंधांत तो एकाच साच्यातून उतरू लागला, की त्याला केवळ औपचारिकतेचे स्वरूप येते. निष्कर्ष हाती आल्यानंतर परिकल्पना लिहावयाची आणि ती 'सिद्ध झाली' असे नोंदवावयाचे, हा त्याच औपचारिकतेचा परिणाम होय. 'गृहीतक' आणि 'परिकल्पना' या संज्ञांची सरमिसळही यातूनच होते. गृहीतक म्हणजे तपासणीविना स्वीकारलेली बाब. परिकल्पना म्हणजे तपासणीसाठी मांडलेले आणि तपासणीत खोटे ठरू शकेल असे विधान.

प्रस्तुत लेखात पाच ज्ञानशाखांतील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे, की संशोधनातील प्रत्येक पायरी ही चुकीची एखादी विशिष्ट वाट अडविण्यासाठी निर्माण झालेली असते. या वाटा क्षेत्रागणिक भिन्न असल्यामुळे पायऱ्यांचा क्रम आणि त्यांवरील भरही भिन्न असतो.

१. खगोलशास्त्र : आधी भाकीत, मग निरीक्षण

खगोलशास्त्रज्ञाला ग्रहांवर प्रयोग करता येत नाही. त्यामुळे तेथे परिकल्पनेवरून भाकीत काढणे आणि ते निरीक्षणापूर्वी जाहीर करणे या पायरीला विशेष महत्त्व आहे. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधलेल्या युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती. त्यापलीकडील एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, अशी परिकल्पना पुढे आली. फ्रान्समध्ये ल व्हेरिए यांनी आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनी स्वतंत्रपणे त्या ग्रहाचे स्थान गणिताने काढले. ल व्हेरिए यांचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत गाल यांच्या हाती पडले आणि त्याच रात्री, सांगितलेल्या स्थानापासून सुमारे एका अंशाच्या अंतरात, नेपच्यून सापडला.

याच पद्धतीची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. बुधाच्या कक्षेतही लहानशी तफावत होती. १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी तिचे कारण म्हणून सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान अज्ञात वस्तुमान असावे असे सुचविले. त्या कल्पित ग्रहाला 'व्हल्कन' असे नावही मिळाले, तो दिसल्याचे दावेही झाले. परंतु त्यांपैकी एकही पडताळणीत टिकला नाही. अखेरीस १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने शतकाला सुमारे ४३ विकला इतक्या त्या तफावतीचा उलगडा केला. संशोधक तोच, तर्काची रीत तीच. एकदा ग्रह सापडला आणि एकदा गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारावा लागला. परिकल्पना आकर्षक आहे किंवा पूर्वी यशस्वी ठरलेल्या परिकल्पनेसारखी आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. पडताळणीची पायरी आवश्यक ठरते ती यासाठीच.

२. वैद्यकशास्त्र : निवडीतील पक्षपाताला आळा

वैद्यकात औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. काही रुग्ण आपोआपही बरे होतात. शिवाय ज्यांची प्रकृती सुधारण्याची आशा अधिक, अशांनाच नवे औषध देण्याकडे वैद्याचा नकळत कल होऊ शकतो. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेताना ही वाट अडविली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक संख्यांच्या आधारे ठरवून ते बंद लिफाफ्यांत ठेवले गेले. क्ष-किरण चित्रांचे परीक्षण करणाऱ्यांना रुग्णाचा गट सांगितला गेला नाही. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांतीचा उपचार मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले.

मात्र प्रक्रिया येथे संपली नाही. अनेक रुग्णांच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे झाल्याचे आढळले आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात दोन गटांतील फरक बराच कमी झालेला दिसला. एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची दिशा या अनुभवातून बळकट झाली. पाठपुरावा ही पायरी गाळली असती, तर सहा महिन्यांचे सत्य हेच अंतिम सत्य मानले गेले असते.

निष्कर्ष पाहून उद्दिष्ट बदलण्याची वाटही या क्षेत्रात धोकादायक ठरते. ती अडविण्यासाठी चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची उद्दिष्टे आणि मोजमापे नोंदविण्याची पद्धत रूढ झाली. भारतात यासाठीची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधचाचण्यांची पूर्वनोंदणी बंधनकारक झाली.

३. पुरातत्त्व : जे परत करता येत नाही

प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. मातीचा थर एकदा उकरला की तो कायमचा नष्ट होतो. म्हणून या शास्त्रात नोंद ही विश्लेषणानंतरची नव्हे, तर खोदकामाच्या प्रत्येक क्षणाची पायरी आहे. वस्तू कोणती सापडली यापेक्षा ती कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर आणि कशाच्या सान्निध्यात सापडली, याला अधिक मोल असते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथील उत्खनन याचा उत्तम नमुना होय. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे हे काम चालले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन कालखंड थरांच्या क्रमावरून निश्चित झाले. पूर्व जोर्वे काळातील प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वे काळात प्रामुख्याने लहान गोल झोपड्या दिसतात. या बदलाचा संबंध ढवळीकर यांनी कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. हे अनुमान पुढील अभ्यासक मान्य करोत वा न करोत, थरवार नोंद उपलब्ध असल्यामुळे त्याची फेरतपासणी शक्य आहे. घरे कोणत्या थरातील होती याचीच नोंद नसती, तर बदल झाला हेही कळले नसते.

४. सांख्यिकी : नमुना मोठा म्हणजे अचूक नव्हे

सर्वेक्षणात दोन प्रकारच्या चुका संभवतात. नमुना लहान असल्यामुळे होणारी चूक नमुना वाढविला की घटते. मोजण्याच्या रीतीतच असलेली चूक मात्र नमुना कितीही वाढविला तरी तशीच राहते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीचे सर्वेक्षण करताना मुख्य सर्वेक्षणापूर्वी लहान चाचणी सर्वेक्षणे घेण्याची पायरी रूढ केली. एकाच क्षेत्रातील दोन स्वतंत्र नमुने दोन निरनिराळ्या पथकांकडे सोपवून त्यांच्या आकड्यांची तुलना करण्याची युक्तीही त्यांचीच. दोन पथकांच्या आकड्यांत अपेक्षेपेक्षा अधिक अंतर पडले, तर दोष क्षेत्रकार्यात आहे हे लगेच ध्यानात येते.

दोन्ही पथके एकच चूक करीत असतील तर मात्र ही युक्ती पुरत नाही. पीककापणीच्या प्रयोगांत पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. सीमेवरील रोपे तुकड्यात धरावीत की वगळावीत या संभ्रमात ती धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा. येथे उपाय नमुन्याची संख्या वाढविण्यात नव्हता, तर तुकड्याचा आकार वाढविण्यात होता.

५. पाठचिकित्सा : स्वतंत्र साक्षीदारांचा शोध

मानव्यविद्यांत पायरीबद्ध पद्धती नसते, हा समज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने खोटा ठरविला आहे. १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९२५ पासून वि. सी. सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली निश्चित दिशा मिळालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखितांचा आधार घेण्यात आला. हस्तलिखितांचे संकलन, श्लोकागणिक पाठभेदांची नोंद, लिपी व प्रदेश यांनुसार वर्गवारी, परस्परसंबंधांचा निर्णय आणि शेवटी पाठनिश्चिती, असा त्याचा क्रम होता.

येथील चुकीची वाट बहुमताची होती. एकाच मूळ प्रतीवरून केलेल्या पन्नास नकला म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार होय. याउलट काश्मीरमधील शारदा लिपीतील प्रत आणि केरळातील मल्याळम लिपीतील प्रत यांचा परस्परांशी संबंध नसताना त्यांचे एकमत झाले, तर तो पाठ प्राचीन असण्याची शक्यता बळावते. महालनोबिस यांच्या दोन पथकांमागील आणि या पाठनिश्चितीमागील तत्त्व एकच आहे : मोल संख्येला नसून साक्षींच्या स्वतंत्रतेला आहे. शिवाय संपादकांनी वगळलेले पाठ टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले आणि संहितेतील कमी खात्रीचा भाग नागमोडी रेषेने दर्शविला. वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता यावा, यासाठीची ही पायरी होती.

समारोप :

उपरोक्त पाच उदाहरणांत पायऱ्यांचा क्रम एकसारखा नाही. खगोलशास्त्रात भाकिताला, वैद्यकात यादृच्छिक विभागणीला, पुरातत्त्वात तत्क्षणी केलेल्या नोंदीला, सांख्यिकीत मापनाच्या परीक्षेला, तर पाठचिकित्सेत साक्षींच्या स्वतंत्रतेला अग्रक्रम आहे. पुरातत्त्वात परिकल्पना बऱ्याच अंशी तथ्यांच्या मागून आली, खगोलशास्त्रात ती पुढे चालली. आणि दोन्हीही शास्त्रशुद्धच आहेत. पाचही ठिकाणी समान आहे तो हेतू : संशोधकाने स्वतःच स्वतःची फसवणूक करून घेऊ नये आणि इतरांना त्याचे काम तपासता यावे.

मार्गदर्शक प्राध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. आराखडा तपासताना सर्व शीर्षके आहेत की नाहीत एवढेच न पाहता विद्यार्थ्याला पुढील चार प्रश्न विचारणे हितावह ठरेल. या विषयात चूक कोणत्या वाटेने शिरण्याचा संभव सर्वाधिक आहे? ती वाट कोणत्या पायरीने अडविली आहे? कोणते निरीक्षण हाती आल्यास परिकल्पना सोडून द्यावी लागेल? जी कृती पुन्हा करता येणार नाही, तिची नोंद कशी ठेवली जाणार आहे? ऐतिहासिक किंवा वर्णनात्मक अभ्यासात परिकल्पनेची आवश्यकता नसेल, तर केवळ साच्यासाठी ती लिहावयास लावू नये. स्पष्ट प्रश्न पुरेसा आहे. आणि जेथे परिकल्पना मांडली आहे, तेथे ती खोटी ठरली म्हणून प्रबंध कमी प्रतीचा मानू नये. व्हल्कन सापडला नाही, ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली गेली म्हणूनच पुढच्या पिढीला बुधाच्या कक्षेचे खरे कारण शोधण्याची गरज भासली.