मे महिन्यातच ओढा जनरेटरची दोरी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. या दोन वर्षांनी अनेक घरांना छोटा पेट्रोल जनरेटर घ्यायला लावले. कोणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले आजोबा, कोणाकडे दम्याचे मूल आणि नेब्युलायझर, तर कोणाला विहिरीवरचा पंप चालवायचा. पुढे वीज सुरळीत झाली आणि ते यंत्र पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेले. अनेक घरांत ते आजही तिथेच आहे, टाकीत जुने पेट्रोल तसेच.

आरोग्याच्या सदरात यंत्राची गोष्ट कशासाठी, असे वाटेल. कारण एवढेच की हे यंत्र बहुधा ऐन वादळाच्या रात्री आठवते. बाहेर पाऊस, घरात अंधार, आजोबांना धाप लागलेली आणि दोरी ओढून ओढूनही इंजिन सुरू होत नाही. मग ते ओढत आत, ओटीवर किंवा जिन्याखाली आणले जाते. चोक लावून कसेबसे चालू केले जाते आणि दार लोटून सगळे झोपतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेला याहून अनुकूल परिस्थिती नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात लॉरा चक्रीवादळ आले, तेव्हा तिथल्या बळींमध्ये जनरेटरच्या धुराने गेलेल्यांचा वाटा मोठा होता. वारा-पाणी ओसरल्यावर, वीज नसलेल्या घरांत ही माणसे दगावली. म्हणून यंत्र जिवंत करायचे ते मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी, उघड्या अंगणात.

सुरुवात पेट्रोलपासून. काही महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते आणि ती कार्बोरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत बसते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते. कोकणच्या दमट हवेत पुरेसे पाणी शोषले गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पुरवठा होतो तोही तळातूनच. पेट्रोलला आंबूस, व्हार्निशसारखा वास येत असेल किंवा रंग गडद झाला असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करा.

रिकामी करायची, पण नळीने तोंडाने ओढून नव्हे. पेट्रोल पाण्याहून पातळ असते. ठसका लागला की काही थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसभर पसरून रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. गिळलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेले पेट्रोल जास्त घातक असते. म्हणूनच कोणी पेट्रोल गिळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा वर येऊन श्वासात जाते. खोकला, धाप, ताप ही लक्षणे बहुधा पहिल्या सहा तासांत दिसतात. तेव्हा त्रास नसला तरी रुग्णालयात येऊन देखरेखीखाली राहावे. पेट्रोल काढायला हाताने दाबायचा पंप स्वस्तात मिळतो, नाहीतर पेट्रोल कॉकची नळी सोडवून खाली डबा धरावा. काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. लहान मुले ते पितात. ओली लाकडे पेटवायला चुलीत ओतू नका. भडका थेट तोंडावर येतो. गटारात किंवा विहिरीजवळही नको. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन द्या.

पोते काढताना हातमोजे घाला. पडवीत पडलेल्या यंत्राच्या जाळीत, एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस दिसतो, त्याचे जंतू उंदराच्या मूत्रातून येतात आणि हातापायांवरच्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. घरटे कोरडे झाडू नका. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने काढा आणि नंतर हात साबणाने धुवा. कुरतडलेली वायर दिसली तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता इंजिन. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल काळे किंवा दुधाळ झाले असेल तर बदला. अनेक जनरेटरमध्ये ऑइल कमी असेल तर इंजिन सुरूच होऊ न देणारी सोय असते, त्यामुळे नुसत्या ऑइलअभावी बिघाड झाल्यासारखे वाटते. एअर फिल्टरचा स्पंज हाताला चुरा होऊन येत असेल तर नवा घाला. प्लग काढून त्याची काजळी साफ करा. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून साचलेले पेट्रोल काढा. ते चिकट, हिरवट किंवा पांढुरके निघाले, तर आतले जेट बुजले आहेत असे समजा. दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला हे काम सवयीचे असते. ते त्याच्याकडून करून घेणे बरे.

टाकीत थोडेच ताजे पेट्रोल घाला. जनरेटरला जोडलेली सगळी उपकरणे काढा. कॉक उघडा, स्विच चालू करा, चोक लावा. दोरी अडेपर्यंत सावकाश ओढा, मग एका झटक्यात ओढा. हृदयविकार असलेल्यांनी, हर्नियाचे किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. इंजिन सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या-एक मिनिटात चोक हळूहळू काढता यायला हवा.

इथे नीट लक्ष द्या. चोक काढला की इंजिन बंद पडते आणि लावला की चालते, असे होत असेल तर जेट बुजलेले आहेत. चोक हवेची वाट अडवतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले की ज्वलन अर्धवट होते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड कित्येक पटींनी वाढतो. मोटारीच्या सायलेन्सरमध्ये हा वायू कमी करणारा उत्प्रेरक बसवलेला असतो. घरगुती छोट्या जनरेटरमध्ये तो सहसा नसतो. म्हणजे चोकवर रेटलेला जनरेटर हा नुसता बिघडलेला नसतो, तो जास्त विषारीही झालेला असतो. तो तसाच वापरू नका. इंजिन व्यवस्थित चालते पण बल्ब लागत नाही, असेही होते. फार काळ पडून राहिल्याने आतले उरलेसुरले चुंबकत्व गेलेले असू शकते. ते काम इलेक्ट्रिशियनचे. घरी बॅटरी लावून पाहू नका.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातपाय गळाल्यासारखे होतात. पित्त झाले किंवा थकवा आला असे वाटते. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखत असेल आणि अंगणात गेल्यावर बरे वाटत असेल, तर पित्ताची गोळी शोधू नका, जनरेटर बंद करा. गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला आणि हृदयरुग्णाला हा वायू अधिक लवकर बाधतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही तो ऑक्सिजनयुक्तच समजतो, त्यामुळे रुग्ण ग्लानीत असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणा, मगच फोन करा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना 'घरात जनरेटर चालू होता' हे वाक्य न विसरता सांगा. ते कळले नाही तर निदान चुकू शकते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक ते दीड तास. शुद्धीवर आलेल्या माणसालाही तपासून घ्या, कारण विसराळूपणा, गोंधळ अशी लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उमटतात.

म्हणून जागा आधीच ठरवा. घरापासून किमान सहा मीटर दूर, सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला, त्या बाजूच्या खिडक्या बंद. ओटी, पडवी, गोठा, जिना, बाल्कनी यातले काहीही चालणार नाही. खिडकी उघडी ठेवली तरी नाही. विहिरीत तर इंजिन कधीच उतरवू नका. पावसासाठी चारही बाजूंनी उघडे छप्पर मे महिन्यातच उभे करा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत लावा. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून आणि पूर्ण गार झाल्यावरच.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिचे दाब वाढवून ११,००० व्होल्टपर्यंत नेऊ शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन त्यात जातो. उपकरणे थेट जनरेटरला जोडा, नाहीतर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

जनरेटरवर काय चालवायचे तेही लिहून ठेवा. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३०० ते ४०० वॅट लागतात. त्याचा मान पहिला. तरीही भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच, कारण यंत्र कधीही बंद पडू शकते. इन्सुलिनसाठी मात्र रात्रभर जनरेटर चालवण्याची गरज नाही. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. ती मातीच्या ओल्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवा. नेमकी मुदत बाटलीबरोबरच्या कागदावर पाहा.

चाचणी झाली की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही. पुढे महिन्यातून एकदा, दिवसा, अंगणात, एखादा पंखा आणि बल्ब जोडून पंधरा मिनिटे चालवा. त्या वेळी घरातल्या आणखी एकाला जवळ उभे करून सगळे दाखवा, कारण वादळाच्या रात्री शिकलेला माणूस घरी असेलच असे नाही.