विशेष शिक्षकाला फक्त संयम लागतो?

‘मी विशेष शिक्षक आहे’ असं सांगितलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं : “बापरे, केवढा संयम लागत असेल! पुण्याचं काम करता हो तुम्ही.” बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण या पेशाचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे. माया आणि संयम एवढ्यावर भागत असेल तर पदवी कशाला, आणि धड पगार तरी कशाला? मग एखादी शाळा प्रेमळ स्वभावाच्या, पण काहीच प्रशिक्षण नसलेल्या बाईंना दिव्यांग मुलाशेजारी बसवते आणि ‘आमच्याकडे स्पेशल टीचर आहेत’ असं पालकांना सांगून मोकळी होते.

प्रत्यक्ष काम काय असतं ते बघा. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला शर्टाचं बटण लावायला शिकवायचंय. नुसतं प्रेमळ माणूस पन्नास वेळा लावून दाखवेल, नाहीतर शेवटी स्वतःच लावून टाकेल. प्रशिक्षित शिक्षिका आधी कामाचे तुकडे पाडते : बटण चिमटीत धरणं, दुसऱ्या हाताने काजाची कड धरणं, बटण अर्धं आत सरकवणं, पलीकडून ओढून घेणं. आणि सुरुवात करते शेवटापासून. आधीचं सगळं ती करते, फक्त ते शेवटचं ओढणं मुलीकडे. म्हणजे पहिल्याच दिवशी बटण लागतं, तेही मुलीच्या हातून. ते पक्कं झालं की त्याच्या अलीकडची पायरी. आधी हात धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खूण, मग तेही नाही. रोज किती मदत लागली याची वहीत नोंद. नोंदी पुढे सरकत नसतील तर मुलीला ‘जमत नाही’ असं म्हणायचं नसतं. पायरी मोठी झालेली असते, ती आणखी तोडायची. हे सगळं शिकावं लागतं. संयम नर्सलाही हवाच असतो, पण तेवढ्यावर तिला कुणी इंजेक्शन हातात देत नाही.

कायदाही हेच सांगतो. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ सालचा. परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रूढ वाटा दोन : बारावीनंतर विशेष शिक्षणातला दोन वर्षांचा डी.एड., किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं विशेष बी.एड. दोन्ही आरसीआयमान्य संस्थेतून, आणि त्यानंतर नोंदणी. तीही कायमची नसते. ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र ज्ञानासाठी जरूर घ्यावं. त्यावर नोंदणी होत नाही.

“माझं साधं बी.एड. आहे, चालेल ना?” नाही, विशेष शिक्षक म्हणून चालणार नाही.

“एकदा विशेष शिक्षक झालं की कुठल्याही मुलाला शिकवता येतं.” हेही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. अंध मुलांसाठीचं ब्रेल आणि गणिताची टेलर फ्रेम शिकलेल्या शिक्षकाला कर्णबधिर मुलाची भाषा कशी घडवायची ते आपोआप येत नाही. प्रवेश घेतानाच दिव्यांगतेनुसार शाखा निवडावी लागते. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन-तीन प्रकारच्या वर्गांत, परवानगी घेऊन, मागे बसून या.

उरला कुठल्या शाळेत शिकवायचं हा प्रश्न. “विशेष शाळा म्हणजे मागासलेपण, खरं शिक्षण समावेशक शाळेतच,” असं हल्ली ठासून सांगितलं जातं. २०१६च्या त्याच कायद्याचं कलम ३१ मात्र ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगता असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यांपैकी हवी ती निवडण्याचा हक्क देतं. शिक्षकानेही निवड दिवसभराच्या कामाकडे बघून करावी. विशेष शाळेत मोजकी मुलं वर्षानुवर्षं तुमच्या हाताखाली असतात. जेवण, शौचालय, रस्ता ओलांडणं हाही अभ्यासक्रमच. सर्वसाधारण शाळेत निम्मं काम मोठ्यांशी असतं : वर्गशिक्षकाला प्रश्नपत्रिका बदलायला राजी करणं, ‘तो आळशी आहे’ हे पालकांच्या मनातून काढणं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून काम करणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला तर अनेक शाळा आणि एस.टी.चं वेळापत्रक येतं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२मध्ये केंद्राने ते ठरवलं : प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. नोकरीच्या मुलाखतीत हा आकडा घेऊनच जा. माझ्याकडे किती मुलं असतील, कुठल्या दिव्यांगतेची, प्रत्येक मुलाचे वैयक्तिक शिक्षण आराखडे लिहायला वेळापत्रकात तास ठेवलाय का, नेमणूक कायम की कंत्राटी, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं नेमणूकपत्रात लिहून मागा.