रक्ताचा कर्करोग : बरे झाल्यावरची सुई



चांगला धडधाकट माणूस. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, थकवा काही जात नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल, गुलकंद घ्या. पुष्कळदा कारण साधेच निघते. पण ही लक्षणे एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासावे; क्वचित त्यामागे तीव्र रक्तकर्करोग असतो.

हा रोग एक नव्हे. त्याच्या अनेक जाती आहेत आणि त्यांची खरी ओळख पटते ती पेशीतल्या गुणसूत्रांवरून. एकच जात पाहू. १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले की, हिच्यात १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. दोन वह्यांची पाने फाटून उलटसुलट शिवली तर मजकूर भलताच होईल ना? तसेच होते. त्या सांध्यावर नवे जनुक तयार होते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात.

पूर्वी यात रोगी रक्तस्रावाने झपाट्याने दगावत. १९८५ साली शांघायच्या डॉ. वांग झेन-यी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले एक औषध देऊन याच पेशी जणू पिकविल्या. जोडीला आला सोमल. होय, तोच विषारी सोमल, पण शुद्ध करून, मोजून शिरेतून दिलेला. (वैदूकडचा कोणी घेऊ नये!) आज वेळेवर आलेले बहुसंख्य रोगी बरे होतात. म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर पहिले औषध लगेच सुरू करतात. जनुकाचा अहवाल मागाहून येतो आणि निदान पक्के करतो.

आता तुम्ही म्हणाल, “आमचे गुरुजी बरे झाले, शाळेत जाऊ लागले, मग पुन्हा कमरेच्या हाडात सुई कशाला?” त्याचे असे आहे, हाडातल्या मगजात थोड्या रोगट पेशी उरल्या तर सूक्ष्मदर्शकातून त्या निसटतात. जनुकाची तपासणी हजारो पेशींत लपलेली एकटीदुकटीही हुडकते. नाहीसे झालेले ते जनुक पुन्हा दिसले, दुसऱ्या नमुन्यातही सापडले, तर रोग परततो आहे. तेव्हा अंगावर एकही डाग नसतो, माणूस हिंडताफिरता असतो, आणि उपचाराला हीच वेळ चांगली. धोका अधिक असलेल्यांना म्हणूनच दोनतीन वर्षे दर तीन महिन्यांनी बोलावतात.

पहिल्या अहवालाचा कागद मात्र जपून ठेवा. कोणता सांधा सापडला ते त्यावर लिहिलेले असते, आणि पुढे प्रत्येक वेळी तोच शोधायचा असतो.